साठ दिवसांची मुदत

(दृश्य : पहाट. ठाणे कारागृहाची दगडी भिंत, बाजूने जाणाऱ्या रिक्षा.)

ठाण्याचं कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. याच भिंतीआड १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. आज घाईत कोर्टाकडे निघालेल्या माणसाची नजर या दगडांकडे क्वचितच जाते.

इथून जवळच, नौपाड्यात, एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना डबा आहे आणि डब्यात पोस्टकार्डं.

(दृश्य : डबा उघडणारे हात.)

आणीबाणी जाहीर झाली २५ जून १९७५ च्या रात्री. पुढच्याच महिन्यात आजोबांना घरून उचललं. शाळामास्तर होते, युनियनचं काम करायचे. मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली थेट स्थानबद्ध, खटला नाही की सुनावणी नाही. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे देशभरात ३४,९८८ माणसं अशी मिसाखाली डांबलेली होती. आजोबा नाशिक रोडच्या तुरुंगात दीड वर्ष होते.

हे पोस्टकार्ड तिथून आलेलं. वर तपासणीचा शिक्का, मधल्या एका ओळीवर काळी शाई. आजींनी ते उजेडासमोर धरून पाहिलं, मागून पाहिलं. आजोबा सुटून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं, त्या ओळीत काय लिहिलं होतं? त्यांना आठवेना. शेवटपर्यंत आठवलं नाही.

त्या दिवसांत लंडनहून भावाचा निरोप आला होता, मुलांना घेऊन इकडे ये. पासपोर्टचा अर्ज भरूनही ठेवला होता. पाठवला का नाही? आजी म्हणतात, "सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, माझी नोकरी, आणि हे आत. शूर वगैरे काही नव्हते रे मी. निघायचं तर कोणाला मागे टाकून?"

(दृश्य : त्याच घरातलं जेवणाचं टेबल, लॅपटॉप.)

आज हाच प्रश्न त्यांच्या नातवापुढे आहे. इंजिनीअर आहे. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, अर्ज करण्याचं आमंत्रण आलंय, कागद द्यायला साठ दिवस. एकेचाळीस उलटले. मागच्या वर्षी त्याने सरकारवर टीका करणारी पोस्ट टाकली, ऑफिसातून फोन आला, त्याने ती काढली. त्या रात्री तो जेवला नाही. तो म्हणतो, "आजी, तुझ्या वेळी आणीबाणी आहे हे रेडिओवर तरी सांगितलं होतं."

(दृश्य : तळोजा कारागृहाकडे जाणारा रस्ता.)

त्याच्या बोलण्यामागे काय आहे ते नवी मुंबईत दिसतं. ऑक्टोबर २०२० मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झालेले, आदिवासींसाठी काम करणारे पाद्री फादर स्टॅन स्वामी या तळोज्याच्या तुरुंगात होते. वय ८३. कंपवाताने हातात पेला धरवत नव्हता, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईच्या रुग्णालयात ते गेले. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. हे लिहिताना माझा राग आवरत नाही, आणि तो आवरावा असं मला वाटतही नाही.

म्हणून जाणाऱ्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९७६ मध्ये वकील राम जेठमलानी अटक टाळून अमेरिकेत गेले, तिथून आणीबाणीविरुद्ध बोलत राहिले, आणि १९७७ ला परत येऊन वायव्य मुंबईत थेट कायदामंत्र्यांना हरवून लोकसभेवर निवडून आले. समाजवादी नेत्या मृणाल गोरे इथेच भूमिगत राहिल्या, पकडल्या गेल्या. त्याही त्याच निवडणुकीत मुंबईतून जिंकल्या. लेखिका दुर्गाबाई भागवत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या.

एकट्या २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. सगळे भीतीने गेले असं म्हणणं खोटं ठरेल. पण परदेशी नागरिकत्व घेतलं की इथलं मत जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवला तर नाव मतदार यादीत राहू शकतं, मात्र मत द्यायला स्वतः यावं लागतं. नातवाला मी एवढंच सांगितलं : गेलास तरी तो पासपोर्ट सोडायची घाई करू नकोस. आणि राहिलास तर पोस्ट काढून गप्प बसण्याला राहणं समजू नकोस.

याच बिल्डिंगच्या वॉचमनला जावं की राहावं हा पर्यायच नाही. उद्या काही झालं तर तो इथेच असणार.

(दृश्य : टेबलावर दोन अर्ज.)

त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, सगळे भाड्याच्या घरात आले, आजींचा मतदार यादीतला पत्ता जुनाच राहिला. रविवारी नातू टेबलावर बसला. एका बाजूला कॅनडाची फाइल, दुसऱ्या बाजूला पत्ता बदलण्याचा आठ नंबरचा फॉर्म. आजींची सही थरथरते, म्हणून त्याने कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला.

कॅनडाच्या फाइलला अजून एकोणीस दिवस आहेत. आजींचा फॉर्म त्याने त्याच दुपारी नेऊन दिला.