क्लाउडवर जायला नेमका किती वेळ लागतो?

नमस्कार मंडळी! क्लाउडवर जाणं म्हणजे ऑफिसातल्या सर्व्हरवरचा डेटा आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर नेणं. "साहेब, शनिवारी संध्याकाळी काम सुरू करू, सोमवारी सकाळी सगळं क्लाउडवर." असं कोटेशन तुमच्याही टेबलावर आलं असेल. आणि त्याच कामाचे दुसऱ्या कुणीतरी सहा महिने सांगितले असतील. खोटं कोण बोलतंय? कदाचित कुणीच नाही. पहिला फक्त डेटा हलवायचे दिवस मोजतोय. दुसरा तुमचा स्टाफ पुन्हा सुरळीत बिलं काढायला लागेपर्यंतचे.

डेटाचं गणित तर अगदी सरळ आहे.

[स्क्रीनवर: १ टीबी डेटा, १०० एमबीपीएस अपलोड = सुमारे २२ तास]

हे कागदावरचं. प्रत्यक्षात लाइन तुटते, दिवसा ऑफिसही तीच लाइन वापरतं. म्हणून दोन दिवस धरा. आणि हो, स्पीड बघताना अपलोडचा बघा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा.

म्हणजे दोन-तीन टीबीवाल्या ऑफिसचा डेटा आठवड्याभरात वर जातो. मग महिने कशात जातात?

भोसरी किंवा चाकणमधलं एखादं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. पंचवीस-तीस माणसं. अकाउंट्स टॅलीवर. स्टोअरचं सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी करून घेतलेलं, आणि तो माणूस आता फोन उचलत नाही. सर्व्हरच्या मागे एक यूएसबी डाँगल खोचलेलं आहे. ते काढलं की सॉफ्टवेअर लायसन्स नाही म्हणून बंद पडतं. आता क्लाउडवरच्या मशीनला डाँगल कुठे खोचणार? त्यावर उपाय आहेत, पण त्यासाठी सॉफ्टवेअर करणारा सापडायला हवा. सापडला तर एक फोन, नाही सापडला तर नवं सॉफ्टवेअर घ्या. दोन दिवसांचं काम चार महिन्यांवर जातं ते इथे.

पुढे गेटवरचा वजनकाटा, हजेरीचं थम्ब मशीन, बारकोड प्रिंटर. ही सगळी मंडळी ऑफिसच्या नेटवर्कमधल्या एका ठरावीक आयपी पत्त्यावर माहिती पाठवत असतात. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये गेला, हे त्यांना कोण सांगणार? तुमचं सॉफ्टवेअर बँकेशी थेट जोडलेलं असेल, तर बँकेकडेही बहुधा जुनाच पत्ता नोंदवलेला असतो. तो बदलायला अर्ज, सही-शिक्का, मग वाट बघणं. तंत्रज्ञानाचा भाग पाच मिनिटांचा, कागदाचा किती दिवसांचा ते बँक जाणे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तुमचं सर्व्हरचं कपाट उघडून न बघता जो तारीख देतो, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

आता तारखेचंच बघू. मुख्य बदल करायला, म्हणजे ज्या रात्री जुनं थांबवून नवं सुरू करायचं त्यासाठी, महिन्यात दिवस तरी किती मोकळे असतात? सात तारखेला टीडीएस. अकराला जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं रिटर्न. वीसला ३-बी, म्हणजे जीएसटीचा कर भरायचं रिटर्न, दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी. त्यात पगार. महिनाअखेरीला बिलांची घाई. हाती उरतो एकवीस ते सत्तावीसचा आठवडा. मार्च सोडा, दिवाळीचा महिना सोडा, ऑडिटचा सप्टेंबर सोडा. तो एक आठवडा हुकला, की थेट पुढचा महिना! वेळापत्रक महिन्या-महिन्यानं घसरतं ते यामुळे. त्यात इंजिनिअरचा आळस असतोच असं नाही.

मोठ्यांचं काय? नेटफ्लिक्स घ्या. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी ॲमेझॉनच्या क्लाउडवर जायचं ठरवलं. काम पूर्ण झालं जानेवारी २०१६ मध्ये. सात वर्षं! कारण त्यांनी जुनं होतं तसं उचलून तिकडे ठेवलं नाही, बहुतेक सगळं नव्यानं लिहून काढलं. आणि सगळ्यात शेवटी काय हलवलं, माहितीये? बिलिंग आणि ग्राहकांची माहिती.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पहिल्याच दिवशी टॅली वर टाकायची हौस. मी म्हणेन, आधी ईमेल हलवा. तीस माणसांच्या ऑफिसला त्यात दोन-तीन आठवडे जातील, कारण प्रत्येकाच्या पीसीवर आउटलुकच्या जुन्या पीएसटी फायली, म्हणजे साठवलेले जुने मेल, पडलेल्या असतात आणि त्या कुणालाच टाकून द्यायच्या नसतात. मग शेअर्ड फोल्डर. पैशाचं काम शेवटी. टॅली एखाद-दोन दिवसांत वर चढते, पण एक पूर्ण महिना, एक पूर्ण रिटर्न, तिथून नीट भरून होईपर्यंत काम झालं असं धरू नका. सगळं धरून अशा ऑफिसला तीन ते सहा महिने. डाँगलवाला प्रकार नसेल तर दोन महिन्यांतही होईल.

कंपनी कायद्याखाली नोंदणी असेल, तर अजून एक गोष्ट विचारून घ्या. हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा, असा नियम २०२२ पासून आहे. अडचण नाही, मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर पुण्यात २०१५ पासून आणि ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आहे. फक्त सेटिंग करणाऱ्यानं सिंगापूर निवडलेलं नाही ना, हे स्क्रीनवर दाखवायला लावा.

आणि जुना सर्व्हर? नवं सुरू झालं की दुसऱ्याच दिवशी भंगारात द्यायची घाई होते. देऊ नका. त्या वर्षाचं ऑडिट होईपर्यंत तो कोपऱ्यात राहू दे, नेटवर्कमधून काढून. कंपन्यांना हिशोब आठ वर्षं सांभाळावे लागतात, तेव्हा जुन्या वर्षांचा डेटा नव्या ठिकाणी उघडतोय का, ते एकेक वर्ष निवडून आधी बघा. मग हार्ड डिस्क बाहेर काढून घ्या, आणि उरलेला डबा खुशाल भंगारवाल्याला द्या.