लोखंडी खणांचा वाडा

मंडळी, आमच्या लहानपणी पुण्यात दिवाणखाना किती मोठा हे कुणी चौरस फुटांत सांगत नसे. ‘सात खणी’, ‘पाच खणी’ असं म्हणत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. वजन उचलायचे खांब आणि तुळया, मधली भिंत आडोशापुरती. पावसाळ्यात भिंत ढासळली तरी वाडा उभा असायचा, आणि आम्हा पोरांना शेजारचं माजघर दिसायचं. पाडावी की वाचवावी असा वाद झालेल्या ज्या इमारतीबद्दल आज बोलणार आहे, तिच्याकडे याच नजरेनं बघा. मुंबईत काळा घोड्यापाशी असलेलं वॉटसन्स हॉटेल. कागदोपत्री ‘एस्प्लनेड मॅन्शन’. माझ्या लेखी तो लोखंडी खणांचा वाडा.

हेरिटेज वॉकमध्ये तिथं तीन गोष्टी हमखास सांगतात. पहिली, 1896च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथं उतरला होता आणि मुंबईच्या कावळ्यांनी त्याला वेड लावलं. खरी आहे. दुसरी, गोऱ्यांपुरत्या असलेल्या या हॉटेलात जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवलं आणि त्या रागातून 1903 साली ताज उभं राहिलं. ऐकायला झकास, पण अभ्यासक तिला दुजोरा देत नाहीत. आणि नुसत्या रागापोटी एवढं भांडवल ओतणारा माणूस जमशेटजी नव्हेत. तिसरी मात्र पक्की. 7 जुलै 1896 रोजी सिनेमाचे फ्रेंच जनक ल्युमिएर बंधू यांच्या माणसानं इथं हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला, तिकीट एक रुपया. त्या दिवशीच्या छोट्या चित्रफितींत आगगाडी होती, समुद्रस्नान होतं आणि एक भिंत पाडण्याची फीतही होती! ती भिंतीची फीत उलटी फिरवली की पडलेली भिंत धुरळ्यातून पुन्हा उभी राहते. आम्हा दुरुस्तीवाल्यांचं ते स्वप्नच.

पण नुसत्या एवढ्यासाठी इमारत वाचवायची असेल तर एक संगमरवरी पाटी पुरेल. कोण राहून गेलं हे पाटीवर मावतं. इमारत उभी कशी राहिली, ते मावत नाही.

1860च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, विलायतेला आपला कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर फ्रेअरसाहेबानं किल्ल्याचे तट पाडून एस्प्लनेडची, म्हणजे तटाबाहेरच्या मैदानाची, जमीन मोकळी केली. त्यातला एक प्लॉट 1864 साली जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्यानं घेतला. त्यानं गवंडी शोधला नाही, इंजिनिअर शोधला: रोलंड मेसन ऑर्डिश. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड लोखंडी छपरामागे याचंही डोकं होतं. वॉटसनच्या इमारतीचं लोखंड इंग्लंडात डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतलं गेलं आणि सुटे भाग जहाजात चढले. सुएझ कालवा अजून खुला व्हायचा होता, म्हणजे आमचा वाडा आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आला. 1867 ते 69 या काळात तो इथं जोडला गेला.

आजूबाजूला बघा. हायकोर्ट, राजाबाई टॉवर, सगळं दगडाचं. तिथं दगड दगडाला पेलतो, म्हणून भिंती जाड. वॉटसन्समध्ये विटा फक्त चौकटी भरायला. भार सगळा लोखंडावर, आणि ते लोखंड प्लास्टरमागे लपवलेलंही नाही. ज्या तत्त्वावर पुढं जगभर गगनचुंबी इमारती झाल्या, ते हेच. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग आद्य गगनचुंबी म्हणून पाठ्यपुस्तकात असते, ती 1885ची, आणि 1931 साली पाडलीसुद्धा. आपली तिच्याआधीची. जगातली पहिली मात्र म्हणू नका. इंग्लंडात शिअरनेसच्या गोदीत 1860चं लोखंडी कोठार आहे. भारतात टिकून असलेली सर्वांत जुनी ओतीव लोखंडी सांगाड्याची इमारत, एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो वारशासाठी नव्हे, ॲफिडेव्हिटसाठी. हॉटेल कधीच बंद पडलं होतं. सेशन्स कोर्ट जवळ, म्हणून वकील, टायपिस्ट आणि नोटरींनी जागा भरली होती. आमच्या वकिलांचं ऑफिस अर्ध्या खणाचं. कोपऱ्यात खांब, त्याच्यावर ऑइल पेंटचे इतके थर की वरची नक्षी ओल्या पिठाच्या गोळ्यांसारखी दिसायची. खिळा ठोकता येत नाही म्हणून कॅलेंडर तारेनं बांधलेलं. मी सहज किल्लीनं टकटक केलं, तर देवळातल्या घंटेसारखा नाद. वकीलसाहेब म्हणाले, “इंजिनिअरसाहेब, सही करा, खांब कुठं पळत नाही.”

खांब पळाला नाही, पण त्याच्यावर आपण काय काय चढवलं! एका खणाचे तीन गाळे झाले, गाळ्यावर पोटमाळा, पोटमाळ्यावर तीस वर्षांच्या फायली. कागद किती जड असतो ते घर बदलताना कळतं. त्यात भाडं 1940च्या पातळीवर गोठवलेलं, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरू म्हणे, घर काय माझं आहे? मोऱ्यांचं पाणी मुरत राहिलं. लोखंड गंजलं की फुगतं आणि शेजारची वीट बाहेर ढकलतं. शिवाय हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. दाब कितीही सोसेल, ताण सोसत नाही. सागाची तुळई आधी कुरकुरते, वाकते. बीड काही बोलत नाही, एके दिवशी तडकतं.

2005च्या जूनमध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वारसा जपणाऱ्या संस्थेनं जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंत हिचं नाव घातलं. 1 जुलैला बाल्कनीचा भाग कोसळला आणि एक माणूस गेला. 2019 मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईचा अहवाल म्हणाला, पाडा. वारसा क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी म्हटलं, दुरुस्त होईल. धोका खोटा होता असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसासमोर ‘ग्रेड टू-ए’ या वारसा दर्जाचा दाखला नाचवता येत नाही.

मात्र ‘दर्शनी भाग ठेवू, मागे नवं बांधू’ ही जी टूम निघाली आहे, ती इथं अगदीच निरर्थक. इतरत्र तेवढं तरी हाती लागतं. इथं दर्शनी भाग म्हणजे सांगाड्याचीच एक बाजू. हिचे पोटमाळे, पार्टिशनं, टाक्या आधी उतरवा, मग एकेक खांब तपासा. जी इमारत नगानगानं जहाजातून आली, तिचा बिघडलेला नग काढून नवा बसवता येतो; दगडी भिंतीला ही सोय नाही. आपल्याकडे वाडा उतरवताना सुतार प्रत्येक खांबावर, तुळईवर खुणा करून ठेवायचे, म्हणजे दुसरीकडे उभारताना चुकायला नको. तेवढंच करायचं आहे, फक्त सुतारकीऐवजी लोहारकी.

इमारत रिकामी होण्याआधी मी तळमजल्यावर एकदा जाऊन आलो. किल्ली खिशात होतीच. सात खांबांवर वाजवून पाहिली. सहा तसेच घुमले. सातवा बदबद वाजला, नळाच्या पाइपाशेजारचा. खिशात खडू होता, त्यावर फुली मारून ठेवली.