धमनीला बिलगलेली चरबी

वडोदऱ्याच्या सयाजीबागेत पहाटे फिरायला येणाऱ्यांमध्ये दांडिया बाजारातले एक आजोबा आहेत. फेरी संपवून ते बाकावर टेकतात आणि पायमोजा सारखा करू लागतात, तेव्हा डाव्या पायावरचा व्रण दिसतो. घोट्याच्या आतल्या बाजूने निघालेला हा व्रण पोटरीवरून थेट गुडघ्यापर्यंत गेला आहे आणि त्यावर टाक्यांच्या आडव्या खुणा अजून मोजता येतात. बायपासच्या वेळी हृदयाला जोडायची शीर इथूनच काढली होती.

अशी शीर काढली की तिच्याभोवतीची पिवळसर चरबी सोलून ती स्वच्छ करायची, ही शल्यचिकित्सेतली जुनी रीत आहे. सोललेली शीर आखडते, म्हणून तिच्यात दाबाने द्रव भरून ती फुगवावी लागते आणि त्या दाबाने तिचे आतले नाजूक अस्तर दुखावते. स्वीडनमधील ओरेब्रो येथील दोमिंगोस सूझा यांनी १९९६ साली मांडलेल्या पद्धतीत शीर भोवतालच्या चरबीसकट उचलली जाते. ती फारशी आखडत नाही, फुगवावी लागत नाही, आणि अशा शिरा पुढे कित्येक वर्षे जास्त प्रमाणात खुल्या राहिल्याचे तिथल्या रुग्णांमध्ये आढळले. पायाची जखम भरायला मात्र या पद्धतीत अधिक त्रास होतो, हेही सांगायला हवे.

प्रयोगशाळेतही ही चरबी पूर्वी कात्रीने काढून टाकली जाई. १९९१ मध्ये सॉल्टिस आणि कॅसिस यांनी उंदराच्या महाधमनीचे काही तुकडे चरबीसह, तर काही चरबी काढून तपासले. धमनी आवळणारे नॉरॲड्रेनालिन दिल्यावर चरबी राखलेले तुकडे कमी आवळले गेले.

या चरबीत आणि धमनीच्या बाहेरच्या थरात कोणताही पडदा नसतो, त्यामुळे चरबीतून पाझरणारे द्रव्य थेट धमनीच्या भिंतीत उतरते. निरोगी अवस्थेत त्यात ॲडिपोनेक्टिन आणि नायट्रिक ऑक्साइड असते, ज्यांमुळे धमनी सैल राहते. लठ्ठपणात मात्र चरबीच्या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात आणि दाह वाढवणारी द्रव्ये पाझरू लागतात. मग जी चरबी धमनीला सांभाळत होती तीच तिला आवळू लागते.

हृदयाच्या काही धमन्या वाटेत थोडे अंतर स्नायूत बुडालेल्या असतात. तेवढ्या भागाभोवती चरबी नसते आणि त्यात मेदाचे थर क्वचितच साचतात. तिथला रक्तप्रवाहही वेगळा असतो, त्यामुळे एवढ्यावरून सगळा दोष चरबीला देणे मला घाईचे वाटते, पण हा योगायोग सहज सोडून देण्यासारखाही नाही.

शिवाय निरोप उलट दिशेनेही जातो, आणि मला या विषयातले हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑक्सफर्डमधील खारालाम्बोस अँटोनिआडेस यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की धमनीच्या भिंतीत दाह असेल तर भोवतालच्या चरबीपेशी नीट भरत नाहीत. त्यांत मेद कमी आणि पाणी जास्त राहते. सीटी स्कॅनमध्ये घनता हाउन्सफील्ड या एककात मोजतात, त्यात पाण्याची घनता शून्य धरतात. चरबीची घनता साधारण उणे १९० ते उणे ३० या पट्ट्यात मोजली जाते, आणि दाह असलेल्या धमनीभोवती हा आकडा शून्याकडे सरकतो. म्हणजे धमनी अजून अरुंद झालेली नसतानाही तिच्यातला दाह बाहेरून वाचता येतो.

आजोबांचा मुलगा सडपातळ आहे आणि म्हणून निश्चिंत आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजणी प्रसिद्ध केली होती. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक तंतोतंत २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्यातली धमन्यांभोवती किती आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे तर वजनकाट्याला मुळीच सांगता येत नाही.