इनॅमलचं प्रथिन मुळाशी काय करतं

तुमच्यापैकी बरेच जण दंतवैद्यकाचेच आहेत, तेव्हा इनॅमल म्हणजे दाताच्या वरच्या भागाचं कठीण आवरण, एवढंच म्हणून पुढे जातो. माझी तक्रार अमेलोजेनिन या प्रथिनाबद्दल आपण जे शिकलो त्याविषयी आहे. इनॅमल घडताना त्यात जी प्रथिनं असतात, त्यांतलं सुमारे ९० टक्के हेच. आपण काय शिकलो? स्फटिक वाढेपर्यंत ते आधार देतं, मग एमएमपी-२० आणि केएलके-४ ही विकरं त्याचे तुकडे करतात आणि शेवटी वजनाने ९६ टक्के खनिज उरतं. स्लॅब भरला, सेंटरिंग काढलं, विषय संपला! मला हे कधीच पटलं नाही. 

१९७५ मध्ये स्लॅव्हकिन आणि बॉइड यांनी एक विचार मांडला: मूळ तयार होताना त्यावरच्या पेशींचं आवरणही इनॅमलसारखी प्रथिनं सोडत असावं आणि त्यातूनच सिमेंटम, म्हणजे मुळावरचा तो थर ज्यात दाताला हाडाशी बांधणारे तंतू रुततात, सुरू होत असावं. इनॅमल वरती, सिमेंटम खाली. संबंध काय, असं कुणालाही वाटेल. स्वीडनमध्ये लार्स हॅमरस्ट्रॉम यांनी ते माकडांवर पडताळून पाहिलं. पुढचे दात काढले, मुळांवर खाचा केल्या, डुकराच्या कोवळ्या दातांतली इनॅमलची प्रथिनं त्यांत लावली आणि दात परत जागेवर बसवले. जिथे प्रथिनं लावली तिथे डेंटिनला, म्हणजे दाताच्या आतल्या मुख्य कठीण भागाला, घट्ट चिकटलेलं, पेशीविरहित सिमेंटम आलं. जिथे लावली नाहीत तिथे जे कठीण ऊतक आलं, ते नीट धरलेलंच नव्हतं. १९९७ चा हा शोधनिबंध मी दरवर्षी विद्यार्थ्यांना पूर्ण वाचायला लावतो, सारांश चालत नाही. त्याच वर्षी हाइल यांनी माणसाच्या दातावरही नवं सिमेंटम आणि नवं हाड दाखवलं.

मला याची एवढी ओढ का? आमच्या ओपीडीत मशेरी लावणाऱ्या मावशी येतात. हिरड्या उतरलेल्या, खालचा दात जिभेच्या टोकाने हलतो. "डॉक्टर, काढूनच टाका," म्हणतात. आणि बहुतेक ठिकाणी तो खरंच काढला जातो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, म्हणून मुख्य मुद्दा आता भराभर सांगतो. हे प्रथिन आम्लात विरघळतं. शरीराच्या तापमानाला आणि सामूला त्याचे गोळे होऊन ते मुळावर चिकटून राहतं. तिथे दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंच्या पेशी वाढतात आणि टीजीएफ-बीटा हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन स्रवतात. हिरडीच्या वरच्या थराच्या पेशींमध्येही सीएएमपी हा पेशीच्या आतला संदेशवाहक रेणू वाढतो, पण त्यांची वाढ मात्र मंदावते. ही निवड महत्त्वाची आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर हा थर झपाट्याने खाली उतरला की नव्या तंतूंना जागाच उरत नाही. हाच गुण पायाच्या जुनाट जखमांवरही आजमावला गेला आहे.

मर्यादाही सांगतो. हाडात खोल, भिंती असलेला खड्डा असेल तिथे या प्रथिनांचं जेल उपयोगी पडतं; हाड सपाट झिजलं असेल तर फारशी आशा धरू नका. मूळ आधी स्वच्छ झालंच पाहिजे. आणि इनॅमल परत उगवत नाही, कारण दात बाहेर येताना अमेलोब्लास्ट या इनॅमल घडवणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. म्हणून सहकाऱ्यांना एवढंच सांगणं: दात हलतोय म्हणून चिमटा हातात घेण्याआधी एक्स-रेवर खड्ड्याचा आकार बघा.