तिसरा रकाना हवाय? आधी एक ओळ नीट बघा

नमस्कार मंडळी. हजार ओळींची फाइल, प्रत्येक ओळीत स्वल्पविरामांनी तोडलेले रकाने, आणि तुम्हाला हवाय फक्त तिसरा. एक फाइल असेल तर हाताने कॉपी-पेस्ट होईलही. चाळीस असल्या की टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायचं.

पहिली कमांड ‘कट’. ‘डॅश डी’ लावून विभाजक, म्हणजे रकाने तोडणारं चिन्ह, कोणता ते सांगायचं, ‘डॅश एफ’ लावून कितवा रकाना. विभाजक सांगितला नाहीत तर ती टॅब धरते. आणि टॅब ओळीत सापडलाच नाही, तर अख्खी ओळ जशीच्या तशी छापते. ‘कमांड चालतच नाही’ म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

कट हट्टीही आहे. तिसरा आणि मग पहिला रकाना मागा, ती पहिला आणि मग तिसराच देणार. लागोपाठ दोन स्पेस आल्या तर मधे एक रिकामा रकानाही मोजणार.

अशा वेळी ‘ऑक’. १९७७ मध्ये बेल लॅब्समध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी ती लिहिली. नाव त्यांच्याच आद्याक्षरांचं. सलग कितीही स्पेस असोत, ऑक त्या एकच विभाजक धरते. ‘डॉलर एक’ म्हणजे पहिला रकाना. माझा लाडका मात्र ‘डॉलर एनएफ’: शेवटचा रकाना, मोजत बसायला नको.

आता ही ओळ बघा.

१०४,"टेबल, लाकडी",१२

आपल्या डोळ्यांना तीन रकाने दिसतात. कटला तिसरा मागा, हाती येतं: लाकडी, आणि पुढे एक लोंबकळतं अवतरणचिन्ह. अवतरणातला स्वल्पविराम हा मजकूर असतो, हे कटच्या गावीही नाही. साधी ऑकही इथे फसते. आणि एरर येत नाही हो, चुकीचा आकडा गुपचूप पुढे जातो! अशी फाइल असेल तर सरळ पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या फाइली वाचणारं) मॉड्यूल वापरा.

फाइलच्या नावातून तुकडा काढायला तर वेगळी कमांडही लागत नाही. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइलचं नाव एका व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या डब्यात) ठेवायचं. महिरपी कंसात त्या व्हेरिएबलच्या नावानंतर हॅश आणि कापायचा नमुना लिहिला की डावीकडून कापलं जातं, टक्का लावला की उजवीकडून. लक्षात कसं ठेवायचं? कीबोर्डवर बघा: डॉलरच्या डावीकडे हॅश, उजवीकडे टक्का.

चिन्ह एकदा लावलं तर लहानात लहान तुकडा जातो, दोनदा लावलं तर मोठ्यात मोठा. म्हणजे ‘बॅकअप_२.५.टार.जीझेड’ या नावावर ‘टक्का डॉट तारा’ (तारा म्हणजे ‘काहीही चालेल’) चालवलं की फक्त ‘जीझेड’ जातं, ‘टार’ शेवटी चिकटलेलंच राहतं. दोन टक्के लावले तर २.५ मधला पाचही गेला! इथे तारा नकोच. टक्क्यापुढे ‘डॉट टार डॉट जीझेड’ असं पूर्ण लिहा, तेवढंच कापलं जाईल.