हान्स जेनी : मातीचं वय वाचणारा प्रोफेसर

हे झाड बघा, जेमतेम कंबरेएवढं. वय मात्र शंभरीच्या आसपास असू शकतं, आणि हे बोन्साय नाही, कुणी छाटलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोच्या किनाऱ्यावरचं हे पिग्मी फॉरेस्ट, म्हणजे बुटक्या झाडांचं जंगल. जवळच्याच उतारावर रेडवूडची झाडं मान मोडेपर्यंत उंच गेलीत. पाऊस तोच, धुकं तेच.

फरक मातीचा आहे, आणि ती माती वाचायचा नाद लागला हान्स जेनींना. जन्म 1899, स्वित्झर्लंडमधलं बासेल, शिक्षण झुरिकला, मग अमेरिकेत मिसूरी आणि 1936 पासून बर्कलीचं विद्यापीठ. 1941 ला त्यांचं पुस्तक आलं. माती कशी होईल हे पाच गोष्टी ठरवतात, हवामान, जीवसृष्टी, चढउतार, मूळ खडक आणि काळ, असं त्यांनी चक्क समीकरणात मांडलं.

आता बाकीचं सगळं मोजता येतं हो, पण काळ कुठे बघायचा? तर इथे. लाटांनी कापलेला सपाट कट्टा, जमीन हळूहळू वर उचलली गेली, मग खाली नवा कट्टा, असं होत होत पाच पायऱ्या झाल्यात आणि प्रत्येक पायरी खालच्यापेक्षा साधारण 1 लाख वर्षांनी जुनी.

वरच्या पायरीवरचा हा खड्डा नीट बघा. वर राखेसारखी पांढुरकी माती, कारण लाखो वर्षांच्या पावसानं तिच्यातलं लोह आणि अन्नद्रव्यं धुऊन नेली, ती कमालीची आम्लयुक्त झालीये. आणि हा खालचा गंजाच्या रंगाचा थर, हार्डपॅन, वरून वाहून आलेलं लोह इथे साचून दगडासारखं झालंय. मुळं याच्या खाली जाऊच शकत नाहीत. हिवाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात सगळं कोरडं ठाक, मग झाड वाढणार कसं?

जेनी चित्रांचेही शौकीन, निसर्गचित्रांत चित्रकार माती कशी रंगवतात यावरही त्यांनी लिहिलंय. दुर्मिळ प्राण्यांसाठी जंगलं राखता, तशी दुर्मिळ मातीही राखा, हे त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे माती म्हटली की लगेच पीक किती येणार हाच प्रश्न, त्यामुळे हे कानाला विचित्र वाटेल, पण ही पांढरी माती एकदा नांगरली की परत बनायला कुणाकडे लाखो वर्षं आहेत?

1967 ला ते रिटायर झाले, 1992 ला गेले. इथल्या एका राखीव तुकड्याला त्यांचं नाव आहे, बाकी बऱ्याच पिग्मी फॉरेस्टवर घरं आणि रस्ते झाले.