मांजराला मधुमेह: घरातले पहिले पंधरा दिवस

मंडळी, मांजराला मधुमेह आहे असं कळलं की घरातले सगळ्यात आधी विचारतात, शुगर किती आली? आज मी तिथूनच सुरुवात करते, कारण तो एकच आकडा धरून बसलं की पुढचं बरंच चुकतं. मांजर भेदरलं की त्याची शुगर चढते. रिक्षातून पिंजऱ्यात आलंय, शेजारी कुत्रा भुंकतोय, अशा वेळी निरोगी मांजराचीही शुगर ३००च्या पुढे जाऊ शकते. म्हणून आम्ही लघवीतली साखर बघतो, रक्तातल्या फ्रुक्टोसामिनची तपासणी करतो; तिच्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या शुगरचा अंदाज येतो. तुमच्या घरातल्या खुणाही तितक्याच मोलाच्या असतात. पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतं, लिटरमधले, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या मातीतले, गोळे मोठे व्हायला लागतात, भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागतो. फरशीवर लघवी झाली तर तिथे मुंग्या लागतात. काही मांजरं मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालतात. तो नसांवरचा परिणाम असतो आणि शुगर आटोक्यात आली की बऱ्याचदा हळूहळू सुधारतो. मांजराला खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्टिरॉइडनेही शुगर वाढते.

आता मुख्य मुद्दा. शुगर चार दिवस जास्त राहिली, पण मांजर खातंय, हिंडतंय, तर सहसा आपल्या हातात वेळ असतो. शुगर एकदम खाली गेली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत माझी सगळी धडपड ती फार खाली जाऊ नये यासाठी असते. इन्सुलिनचा डोस लहान ठेवायचा, बहुतेक मांजरांना एक युनिट, दर बारा तासांनी; आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो वाढवायचा नाही. आज शुगर जास्त दिसली म्हणून संध्याकाळी अर्धा युनिट जास्त, असं अजिबात करू नका. इन्सुलिन अंगी लागायला पाच-सात दिवस द्यावे लागतात.

आणि आता सिरिंज. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे. आपल्याकडे औषधांच्या दुकानात मुख्यतः दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. एकात मिलीलीटरला ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. लाल टोपणाची सिरिंज ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. मांजरांना बऱ्याचदा ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन देतात, ते सहसा १०० ताकदीचं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरलं, तर आत एक नाही, अडीच युनिट जातात. चार किलोच्या जिवाला हे फार झालं. दुकानदार सवयीने लाल सिरिंज पुढे करतो, घाईत आपणही घेऊन येतो. तेव्हा बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच ताडून बघा. १००च्या इन्सुलिनचा एक युनिट म्हणजे मिलीलीटरचा शंभरावा भाग, मोहरीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नाही. शक्यतो अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली ०.३ मिलीलीटरची सिरिंज घ्या, उजेडात भरा आणि चष्मा लावा.

बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नको, आणि ती हलवून फेसाळू नका. सुई मानेवर द्यायची सवय असते, पण छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची सैल कातडी जास्त बरी. मांजर खात असताना कातडी चिमटीत धरा, सुई आत, दट्ट्या खाली, झालं. केस ओले लागले आणि औषध बाहेर सांडलं असं वाटलं, तरी पुन्हा देऊ नका. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. मांजराने खाल्लंच नाही, तर सुई देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गणपतीला गावी जाणार असाल, तर मागे राहणाऱ्या माणसाला आधी बोलवून तुमच्यासमोर सुई द्यायला लावा. फोनवर सांगून हे जमत नाही.

खाण्याचं सांगते. मांजर मुळात मांसाहारी प्राणी. दूधभात, दूधपोळी बंद. कोरड्या खाऊच्या दाण्यांतही पिष्ट बरंच असतं; ओला, भरपूर प्रथिनांचा खाऊ चांगला. पण इन्सुलिन चालू असताना हा बदल डॉक्टरांना न सांगता एका रात्रीत करू नका, कारण खाऊ बदलला की इन्सुलिनची गरज पटकन घटते आणि कालचाच डोस आज जड होतो. जाड मांजराला बारीक करण्यासाठी उपाशीही ठेवू नका, त्याने यकृत बिघडतं.

शुगर घरी तपासता येते. कानाच्या कडेला हात चोळून ऊब द्या, बारीक टोचा, थेंब पट्टीला लावा. माणसांचं ग्लुकोमीटर मांजरात बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, म्हणून नेहमी एकच यंत्र वापरा आणि ते कोणतं हे डॉक्टरांना कळवा.

शुगर उतरल्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत: झोकांड्या, कापरं, अचानक हावरेपणा, शून्य नजर, झटके. मांजर शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या. नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरची दाट पेस्ट ओठाच्या आतून हिरड्यांना चोळा, घशात काही ओतू नका, आणि दवाखाना गाठा. सावरलं तरी जा. याउलट मांजर सुस्त, उलट्या करतंय, काहीच खात नाही, तर रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणारे घातक पदार्थ) वाढले असण्याची भीती असते. तेव्हाही उद्यावर ढकलू नका. घरातल्या माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला देऊ नका. अमेरिकेत २०२२मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीला मान्यता मिळाली, पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला ती देत नाहीत.

"हे आयुष्यभर का?" असं विचारलं जातं. नेहमीच नाही. सतत चढलेल्या साखरेने स्वादुपिंडातल्या पेशी थकतात. तो भार लवकर उतरवला तर काही मांजरांत त्या पुन्हा काम करू लागतात. मग डोस टप्प्याटप्प्याने कमी होतो आणि इन्सुलिन बंद करूनही चार आठवडे शुगर ठीक राहिली, तर आम्ही मधुमेह मावळला म्हणतो. त्यानंतरही खाऊ तोच ठेवा, महिन्याला वजन करा, आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहून दिलं तर मांजराला आधी मधुमेह होता हे सांगा, कारण तो परत येऊ शकतो.